‘आहे’चे दोन शब्द

आंबेघाटातल्या नव्या बोगद्याचं तोंड सकाळी ढासळलं; बाकीचे मजूर निसटले, पण तानू झोरे हा मजूर आत अडकला. तीन तास हाका मारूनही आतून उत्तर आलं नाही. उद्या मंत्री पाहणीला येणार, म्हणून मुख्य अभियंता इनामदार साहेबांना वाट आजच मोकळी हवी होती. मोठं यंत्र लावलं असतं तर माती भराभर निघाली असती, पण खालचा माणूस चिरडला असता.

यंत्रावरच्या जपानी मोरितांनी विचारलं, “आत कोणी आहे का?”

साहेब दुभाषी हेमांगीला म्हणाले, “एक मजूर आहे म्हणावं. यंत्र चालवा.”

“साहेब, जपानीत ‘आहे’ला दोन शब्द आहेत. जिवंत माणसाला ‘इरु’, निर्जीव वस्तूला किंवा प्रेताला ‘आरु’. कोणता सांगू?”

“मराठीत दोन्ही एकच! आरु सांग आणि मोकळी हो.”

हेमांगी म्हणाली, “बरं. हुकूम देणारे इनामदार साहेबही इथे आहेत, असं सांगते. तुम्हालाही आरुच लावू ना?”

“मी जिवंत उभा आहे इथे!”

“तुम्ही जिवंत असल्याची जेवढी खात्री आहे, तेवढीच तानू मेल्याची आहे का, साहेब?”

हेमांगीने मोरितांकडे वळून ‘इरु’ सांगितलं. त्यांनी यंत्राची किल्ली काढून खिशात टाकली आणि फावडं उचललं. मागोमाग सगळे मजूर धावले.

संध्याकाळी तानूला बाहेर काढलं. पाय मोडला होता, पण श्वास चालू होता. डोळे उघडून त्याने विचारलं, “बाकीचे सुटले ना?”