आईच्या उंचीची खिडकी

डोंगराच्या पायथ्याशी, एका इवल्याशा झोपडीत शेवंता आणि तिची आई राहत. चिंचा झोडताना आई झाडावरून पडली आणि तिच्या पायांतलं बळच गेलं. सहा महिने ती जमिनीवर वाकळेवर पडून होती. झोपडीला खिडकी नव्हती. समोर मातीची भिंत, दिवसभर तीच. हळूहळू आई बोलेनाशी झाली, मग जेवेनाशी झाली. आठ वर्षांची शेवंता लोकांची गुरं राखायची, भाकऱ्या थापायची, आणि आईकडे बघून तिचा जीव तीळतीळ तुटायचा.

एका सकाळी कण्हेरीजवळच्या काट्यांत एक सोनपिवळा चिमुकला चतुर अडकला होता. शेवंताने त्याला अलगद सोडवलं. आणि काय आश्चर्य! गुलाबी-जांभळा झगमगाट झाला आणि तळहातावर बोटभर परी उभी राहिली.

"तीन वेळा माग, बाळे," परी म्हणाली. "पण माझी जादू घरापुरतीच. माप तुझ्या वितीने घ्यायचं. आणि नवं मागितलंस की जुनं परत जाईल."

शेवंताने महाल मागितला. तुम्हीही तोच मागितला असता, उगाच नाही म्हणू नका. निळे कळस, मोत्यांच्या झालरी, दुधासारखा संगमरवर! पण त्या गार फरशीवर आई कुडकुडली. खिडक्या इतक्या उंच, की तिला दिसायचं फक्त छत. छत रत्नांचं होतं, पण छतच ते.

मग शेवंताने परत आपलीच झोपडी मागितली, रंगीत काचांच्या खिडकीसकट. गवंडी घेतात तसं भिंतीशी ताठ उभं राहून तिने वितीने माप घेतलं, आपल्या डोळ्यांपाशी खूण केली. लाल-हिरवं ऊन आत सांडलं. गावकरी बघून गेले, वाहवा करून गेले. आई मात्र भिंतीकडेच बघत राहिली.

शेवंता रडत रडत आईच्या कुशीत आडवी झाली. तिथून तिने वर पाहिलं. खिडकीतून आभाळाची एक चिंधी तेवढी दिसत होती. माप तिने उभ्याने घेतलं होतं!

"परीताई, मला दुसरी खिडकी दे."

"शेवटचं मागणं हं. या सुंदर काचा जातील."

"जाऊ देत."

पडल्या पडल्याच तिने जमिनीपासून एक वीत मोजली. शेजारच्या गोदाकाकू दारातून हसल्या, "अगं, खिडकी की उंदराचं बीळ?"

परी मात्र हसली नाही. "हजार महाल बांधले मी," ती म्हणाली, "पण निजून माप घेणारा गवंडी आजच भेटला." ती चांदीसारखी उजळली, आणि त्या उजेडातच विरून गेली. जमिनीलगत साधी लाकडी खिडकी उघडली होती. बाहेर अंगण, झेंडू, पिल्लांची पळापळ.

आई कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "शेवंते, तांबडी कोंबडी खुडूक झालीय गं, अंड्यांवर बसवायला हवी. आणि मला भूक लागलीय."

शेवंता भाकरी आणायला धावली, आणि धावता धावता रडली.