उशिराचं पाणी

ह्या कपारीत झरा दिसतोय ना पाव्हणं, ह्याला उशिराचं पाणी म्हणतात. वर टेकाडावर चुना फासलेला दगडांचा ढीग आहे, ते मोजणीवाल्यांचं निशाण. बाकी आमच्या माळावर गवत, मेंढरं आणि वारा.

असं सांगतात, गोऱ्या सरकारच्या काळात माळाचा नकाशा करायला एक साहेब आला. तिकाटीवर दुर्बीण, संगं साखळी ओढणारी माणसं. वाट दाखवायला त्यानं धुळा येडग्याला धरलं. धुळा दीडशे मेंढरांचा धनी, अख्खा माळ त्याच्या पायाखालचा. त्यानं चढ-उतार, ओघळी सगळं दाखवलं. शेवटी साहेबानं पाणी विचारलं. आता, परक्याला पाणी दाखवू नये ही आमच्या वाडवडलांची शिकवण. आज तो पितो, उद्या त्याचा कळप येतो. धुळा म्हणाला, "पाणी? छ्या! नुसता दगड हाय." साहेबानं तसंच लिहिलं. धुळा गालात हसत घरी आला म्हणे. तिथंच फसला बघा.

दोन वर्षांनी हुकूम निघाला: पाण्याचा माळ मेंढरांना, कोरडा माळ पलटणीच्या घोड्यांच्या गवताला. आमचा माळ कागदावर कोरडा, म्हणून झरा तारेच्या कुंपणाआत गेला.

धुळा तारेखालून सरपटत गेला, मडकं भरलं, दोन दिवस चालून कचेरीत नेऊन ठेवलं. नवा साहेब भला होता. प्याला, पाणी गोड आहे म्हणाला. मग नकाशावर बोट फिरवून म्हणाला, "पण इथं नाही. कागद वर गेलाय, मी तरी काय करू?"

त्या उन्हाळ्यात मेंढरं तारेला नाक लावून उभी राहायची. पाण्याचा वास येतो हो त्यांना. पहारेकरी हाकलायचा, ती परत यायची. आधी म्होरकी पडली, मग रांगच लागली. धुळा एकेकीच्या तोंडावरून हात फिरवायचा. "मीच बोललो गं बाई, मीच." शेवटी त्यानं वाडीला शपथ घातली, परका आला की आधी झरा दाखवायचा, नाव-गाव मागनं.

आजही आम्ही ती मोडत नाही. तार कधीच गंजून गेली, पण कागदावर झरा नाही तो नाहीच. आता पुन्हा कुंपण पडणार म्हणतात. परवा मोजणीची पोरं आली. अख्खी वाडी त्यांना इथं घेऊन आली, पाणी पाजलं, हात जोडले, एवढं लिहून घ्या म्हटलं. पोरं गुणी होती. म्हणाली, "आजोबा, आमच्याकडं फक्त उंचीचं काम आहे. पाण्याचा माणूस वेगळा येईल."

तुम्हीच का ते, पाव्हणं?