लेक की चाकर?

तुळाजी मुकादमानं धुरपाला नाही म्हटलं नाही. नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. "जा की बाई गावी, जरूर जा," तो म्हणाला, "फक्त आईसाहेब बऱ्या होऊ देत."

आईसाहेब म्हणजे महाराजांच्या मातोश्री. वय झालेलं, त्यात अर्धांगाचा झटका येऊन एक बाजू लुळी पडलेली. त्या बऱ्या होणार नाहीत हे राजवैद्य जाणत होते, महाराज जाणत होते आणि मुकादम तर सगळ्यांच्या आधीपासून जाणत होता.

त्या राजधानीत म्हातारी माणसं फार होती आणि त्यांचं करायला कुणाला सवड नव्हती. म्हणून मुकादम डोंगरापलीकडच्या मुलखातून बायका आणी. वेशीतून आत येताना प्रत्येकीला एक पितळी बिल्ला मिळे. तो दाखवल्याशिवाय पहारेकरी परत बाहेर सोडत नसत. मुकादम ते बिल्ले लगेच गोळा करी. "हरवाल गं पोरींनो," असं मायेनं म्हणे. पगारही तोच सांभाळी, तितक्याच मायेनं.

धुरपा आईसाहेबांचं करायला वर्षाच्या बोलीवर आली होती. आता तिसरं वर्ष सरत आलं होतं. तान्ही मुलगी तिनं घरी नवऱ्यापाशी ठेवली होती. गावाकडून आलेल्या एका बाईनं सांगितलं, पोर आता बोलते, आणि चुलतीला आई म्हणते. त्या दिवशी आईसाहेबांना कुशीवर वळवताना धुरपाचे हात मध्येच थांबले.

"काय झालं गं?" आईसाहेबांनी विचारलं. झटक्यानं त्यांची जीभ जड झाली होती, पण डोकं शाबूत होतं. धुरपानं सांगितलं.

"माझ्याकडून तू मोकळी आहेस," त्या म्हणाल्या. "पण या वाड्यात माझं ऐकतंय कोण? दरबारात जा. मीही येते पडद्यामागं. बघू तरी, माझा मुलगा काय न्याय करतो."

महाराजांना आपण न्यायी आहोत असं मनापासून वाटे. त्यामुळे त्यांच्यापुढं दाद मागणं जरा अवघडच जाई. धुरपाचं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं आणि मुकादमाकडं पाहिलं.

"महाराज, रजा आणि पगार ही चाकरांची भाषा," मुकादम म्हणाला. "या तर घरच्या लेकी. मी यांना बापासारखा."

"आईसाहेबही हिला लेकच म्हणतात," महाराज म्हणाले. "काय गं, लेक कधी आजारी आईला टाकून जाते का?"

"मग चाकर म्हणा, महाराज."

"चाकराला धन्याच्या परवानगीशिवाय वेस ओलांडता येत नाही. तुझा धनी मुकादम. काय रे, परवानगी आहे?"

"आईसाहेब बऱ्या होताच," मुकादम नम्रपणे म्हणाला.

महाराज स्वतःवरच खूश झाले. "म्हणजे चाकर म्हणून तुला जाता येत नाही आणि लेक म्हणून जाववत नाही. यातून वाट काढून दाखव. काढलीस, तर मी स्वतः तुला वेशीपर्यंत पोचवीन. नाही निघाली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. बोल, लेक की चाकर?"

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. चाकर म्हटलं की संपलंच. लेक म्हटलं तरी... तिनं मुकादमाकडं पाहिलं. तो खरंच एखाद्या बापासारखा हसत होता. ते हसू बघता बघता तिच्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं.

"लेक," ती म्हणाली. "मुकादम, तुमचंही तेच म्हणणं ना? माझ्या एकटीबद्दल नाही, आम्हा सगळ्याजणींबद्दलच?"

"सगळ्याच माझ्या लेकी. भर दरबारात सांगतो."

"मग महाराज, एक विचारते. आईसाहेबांच्या पोटच्या लेकी कुठं असतात?"

"कुठं म्हणजे? आपापल्या सासरी."

"आई अशी अंथरुणावर असताना?"

"येऊन भेटून गेल्या. त्यांचेही संसार आहेत."

"जाताना कुणी अडवलं त्यांना?"

"लेकीला सासरी जाताना कोण अडवेल?" महाराज म्हणाले.

"माझंही सासर आहे, महाराज. नवरा आहे, पोर आहे. लग्न झालेली लेक वर्षानुवर्षं ठेवून घेतली, तर लोक माहेरच्यांनाच बोलतात. तेव्हा माझी पाठवणी करा. रीत मी काय सांगावी? लेकीची ओटी भरतात. आंदण बापानं द्यायचं असतं, आणि बाप हे काय, समोरच उभे आहेत."

"अहो, ती आपली बोलायची पद्धत!" मुकादमाचं हसू पार उतरलं होतं. "इतक्या लेकींना आंदण द्यायचं म्हणजे..."

"बापाला हौस असते," धुरपा म्हणाली.

महाराजांनी शेवटचा हट्ट धरला. "आणि तू गेल्यावर आईसाहेबांचं कोण करणार?"

"लेकी सासरी जातात, महाराज. आईपाशी राहतो तो मुलगा."

मग पडद्यामागून आईसाहेबांचं बोबडं, खळखळतं हसू ऐकू आलं. महाराज कानापर्यंत लाल झाले, आणि पुढच्याच क्षणी पोट धरून हसू लागले. महाराज हसताहेत याची खात्री करून घेऊन दरबारीही हसले.

त्याच दिवशी सगळ्या बायकांना आपापले बिल्ले मिळाले आणि मुकादमाकडं अडकलेला पगार आंदण म्हणून दामदुपटीनं मिळाला. धुरपाची ओटी आईसाहेबांनी चालत्या हातानं भरली. दाराशी बैलगाडी उभी राहिली, आणि दिल्या शब्दाप्रमाणं महाराज तिच्याबरोबर वेशीपर्यंत चालत गेले.

तिथं त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "पेज पातळ करायची का गं, की दाट?"

"पातळ," धुरपा गाडीत बसत म्हणाली. "आणि भरवण्याआधी फुंकर घाला."