एक मूठ कमी

एकदा काय झालं, दीनाचं पीठ फुगलंच नाही.

दीना कोण, ते आधी सांगते. नदीकाठी एक छोटंसं गाव होतं. गावात कौलारू देऊळ, देवळावर क्रूस, आणि क्रुसावर रोज सकाळी एक पोपट येऊन बसायचा. दरवर्षी पिकं घरात आली की सगळं गाव देवाचे आभार मानायचं. त्या संध्याकाळी देवळाच्या अंगणात एकच भली मोठी भाकर मोडायचे, आणि लहानथोर सगळे ती वाटून खायचे. आता ही भाकर करायची कशी, बरं का? तर घरोघरी जाऊन एकेक मूठ पीठ मागायचं. कुणाचं वस्त्रगाळ, कुणाचं जाडंभरडं. सगळं एकत्र मळायचं, खमीर घालायचं आणि झाकून ठेवायचं. एकदा मळलं की श्रीमंताचं कुठलं नि गरिबाचं कुठलं, कोण ओळखणार?

त्या वर्षी हा मान दीनाला मिळाला. दीना मोठी गुणाची, पण भित्री. भांडं पडलं की दचकायची, नि नाही पडलं तर आता पडेल म्हणून दचकायची. घरात ती आणि तिचे आबा, दोघंच. आबांना दिसत नव्हतं, पण कान असे तिखट की दारातून मांजर गेलं तरी विचारायचे, कोण आलं गं?

तर दीनाने सकाळी पीठ मळलं. दुपारी फडकं उचलून बघते तर काय, पीठ होतं तेवढंच. तेवढंच कुठलं, थोडं कमीच. सकाळी परात भरून होतं, आता वाडग्यात मावेल एवढं.

संध्याकाळी घंटा वाजणार, गाव जमणार, आणि भाकर नसली तर? पोरंटोरं सकाळपासून भूक राखून बसलेली.

मग तिने काय केलं, आणखी खमीर घातलं. परात चुलीजवळ सरकवली, वर आबांची घोंगडी पांघरली. थोड्या वेळाने घोंगडी काढली, तर पीठ मुठीएवढं. आणि त्या पिठातून बारीकसा आवाज आला, "एक मूठ कमी."

दीना अशी दचकली की थेट पाटावरून खाली बसली. आबांनी ओट्यावरून विचारलं, कोण आलं गं? ती म्हणाली, कुणी नाही आबा, पीठ बोलतंय. आबा म्हणाले, मग ऐक की.

पण दीनाला ऐकायचं नव्हतं. कारण कुठली मूठ कमी, ते तिला पक्कं ठाऊक होतं. ती शेजारच्या तबिथाकाकूंकडे गेलीच नव्हती.

त्याचं असं झालं होतं. दीनाने अंगणात बोरं वाळत घातली होती. एक दिवस बघते तर बोरं गायब. काकूंची शेळी तिथेच उभी होती, तोंड हलवत. मग काय, विहिरीवर चार बायकांसमोर दीना बोलून गेली की शेळीला चोरी काही आपोआप येत नाही, कुणीतरी शिकवावी लागते. काकूंनी रिकामीच घागर उचलली आणि घरी गेल्या. आणि दुसऱ्याच दिवशी दीनाला बोरं सापडली. कुठे? कणगीमागच्या मडक्यात. तिनेच भरून ठेवली होती, नि विसरली होती. तेव्हापासून प्रार्थनेत क्षमेचा शब्द आला की तिची जीभ अडखळायची.

मग तिने तिसरा उपाय केला. स्वतःच्या डब्यातली मूठभर कणीक घेतली, पिठावर टाकली आणि हळूच म्हणाली, ही घे काकूंची मूठ. झालं! पीठ फटकन शिंकलं. सगळी कणीक दीनाच्या नाकावर, भुवयांवर, वेणीवर. आणि पीठ उरलं लिंबाएवढं.

आबा हसायला लागले. हसता हसता थांबले नि म्हणाले, "पोरी, देवाला काही द्यायला निघालो आणि शेजारी आपल्यामुळे दुखावलेला आठवला, तर आधी शेजाऱ्याकडे जायचं. प्रभू येशूंनी सांगितलंय. ते पिठाला कळलं बघ."

मग दीनाने तो लिंबाएवढा गोळा तळहातावर घेतला आणि निघाली. तशीच, पांढऱ्या भुवयांनी. काकूंचं दार बंद होतं. आतून जात्याची घरघर येत होती.

तिने हाक मारली. काकू, सणासाठी मूठभर पीठ हवं होतं. जातं थांबलं नाही.

तिने परत हाक मारली. काकू, गाव उपाशी राहील हो. जातं आणखी जोरात फिरायला लागलं.

दीनाला पळून जावं असं वाटत होतं. पण ती पळाली नाही, बरं का. तिने डोळे मिटले, मनातल्या मनात म्हणाली, प्रभू, मला फक्त एवढं बोलता येऊ दे. आणि गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी तिसरी हाक मारली.

"काकू, बोरं माझ्याच घरात होती. मला कळलं, तरी मी गप्प बसले. तुमची शेळी चांगली आहे, तुम्ही चांगल्या आहात, खोटी मी आहे. पीठ नका देऊ. विहिरीवर जाऊन सगळ्यांना सांगते. मला माफ करा."

जातं थांबलं.

आणि दीनाच्या तळहातावर काहीतरी हललं. गोळा कोमट झाला. मग पेरूएवढा झाला, मग नारळाएवढा, मग भोपळ्याएवढा, नि बोटांमधून खाली ओघळायला लागला. दीनाने दुसरा हात लावला, मग पदर लावला, तरी आवरेना.

तेवढ्यात आतून कडी निघाली, आणि तबिथाकाकू म्हणाल्या, "अगं, सांडशील सगळं. आत ये आधी, माझी मोठी परात घे. आणि माझी मूठ राहिलीय ना घालायची?"

चला, त्या गावात सगळे पोटभर जेवले. आता तुम्ही मिटा बघू डोळे, आणि पोटभर झोपा.