ऐनवाडीचं रान

"मग विझवायला कोणीच आलं नाही?" सोमगिरी बाबांनी विचारलं.

रंगनाथ मठाच्या उंबऱ्यातच बसला होता. अंगाला राखेचा वास, दोन्ही तळहात फोडांनी भरलेले.

"सगळे आपापल्या ओट्यावर उभे होते, बाबा. बघत होते."

बाबांनी पाण्याचं भांडं पुढे सरकवलं. त्यानं ते घेतलं नाही.

रंगनाथ बाबांचा लाडका शिष्य. ऐनवाडीचा डोंगर उघडाबोडका झाला, तेव्हा बाबांनीच त्याला तिकडे धाडलं होतं. तो घरोघर फिरला, वनखात्याच्या साहेबांना गावाच्या पारावर आणून बसवलं. गावानं आणि खात्यानं मिळून रान राखायचं ठरलं. बांधाबांधावर आंबा, हिरडा लागला. डोंगरावर ऐन, धावडा फुटला. घरटी एक माणूस पाळीनं राखणीला जाऊ लागला. त्यासाठी गावाची समिती झाली, तिचा अध्यक्ष अर्थात रंगनाथच. पुढे लांबलांबची माणसं रान बघायला यायची आणि तो हात करून सांगायचा, "हे मी उभं केलं."

"वणवा लागल्याचं तुला कोणी सांगितलं?"

"पाणवठ्यावरून येणाऱ्या बाईनं. जाता जाता म्हणाली, तुमचं रान पेटलंय."

"तुमचं?"

रंगनाथनं मान खाली घातली.

"काही उरलं का रे?"

"काही नाही... पण एक जण आली होती, बाबा. चांगुणाबाई. थकलेली बाई, पण हिरवी फांदी घेऊन माझ्या शेजारी आग झोडपत राहिली. लुगड्याचा काठ जळाला तरी हटेना."

"तिच्याशी बोललास?"

"तोंड नव्हतं मला."

"का रे?"

"श्रावणात तिचा नवरा गेला. लहानू. या रानातली निम्मी रोपं त्यानं खांद्यावरून वर नेली होती. पाऊस थांबत नव्हता, गावात सुकं लाकूड नव्हतं. रानात वाऱ्यानं पडलेला एक वाळका ऐन होता. सरणापुरता द्या म्हणून ती आली. सगळे म्हणाले, द्या. मी म्हणालो, दिवाळीपर्यंत रानातली काडी हलवायची नाही असं ठरलंय. आज हिला दिलं, तर उद्या सगळे मागतील..."

"मग?"

"तिनं घराच्या छपराचे वासे काढले."

"त्यानंतर कोणी काही मागायलाच आलं नाही," रंगनाथ म्हणाला. "बैठकीलाही येईनात. मला वाटलं, शिस्त लागली."

आणि तो हमसून हमसून रडू लागला.

"मला परत पाठवू नका, बाबा. मी इथंच राहतो. झाडलोट करीन."

बाबा उठले. मठामागे गेले आणि सुक्या लाकडांचा भारा ओढत घेऊन आले. त्याला दोर आवळला. मग तो उचलून रंगनाथच्या खांद्यावर ठेवला. दोर धरताना तळहातावरचे फोड फुटले, तरी त्यानं हात काढला नाही.

"तिच्या दारात नेऊन ठेव."

"आता? बाबा, लहानूला जाऊन किती दिवस झाले..."

बाबांनी भाऱ्याचा दोर पुन्हा एकदा आवळला.

रंगनाथ पायऱ्या उतरू लागला. मध्येच थांबला, वळला.

"तिला काय सांगू?"

"...उशीर झाला म्हण."