पुसलेले सात ठिपके

"पण दाणे ठेवायचे तरी कशाला, मास्तर?"

सुयोगने हे तिसऱ्यांदा विचारलं. तांबट मास्तर चहा ओतत होते. त्यांनी दोन कप भरले आणि तिसरा शोधू लागले.

अकोटात मास्तरांचा फोटो स्टुडिओ आहे. सुयोग चार वर्षं त्यांच्या हाताखाली होता, आणि दारावरच्या पाटीत मास्तरांच्या नावाखाली आपलं नाव यावं म्हणून झुरत होता. मास्तरांची अट एकच होती. गिऱ्हाइकाने फोटो बघून "हा माझाच" म्हणायला हवं.

आज गिऱ्हाईक समोरच बसलं होतं. भागाआजी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांना काळा चष्मा. डॉक्टरांनी लख्ख उजेडाला मनाई केली होती, म्हणून सुयोगने त्यांचा फोटो त्यांच्याच स्वयंपाकघरात, दार लोटून, फ्लॅशशिवाय काढला होता. आयएसओ पंचवीस हजारांवर! अंधारात कॅमेऱ्याला इतकं ताणलं की फोटोभर दाणे उठतात. ते त्याने कॉम्प्युटरवर एकूण एक साफ केले होते.

"बघा आजी. लोण्यासारखा चेहरा."

आजींनी फोटो जवळ धरला, लांब धरला.

"बाई चांगली हाये," त्या म्हणाल्या. "कोनाची होय?"

सुयोग हसला. आजी हसल्या नाहीत.

"माहं गोंदन कुठी गेलं?"

सुयोगने फोटोत पाहिलं. कपाळ कोरं होतं.

"मेल्यावर सोनंनानं अठीच रायते रे बाप्पा. गोंदन तेवढं संग येते. हा फोटो भितीवर लावला, तं मले वयखन कोन?"

सुयोगच्या लक्षात आलं. गोंदणाचे ठिपके आणि कॅमेऱ्याचे दाणे, सॉफ्टवेअरने सगळे एकाच झाडूने लोटले होते.

त्याने घाईने मूळ फोटो उघडला. दाणेच दाणे. चारशे टक्के मोठा केला, मग आठशे. नाक स्क्रीनला टेकलं.

"मास्तर, यातलं गोंदण कुठलं ते कळतच नाही!"

मास्तरांनी चहा ठेवला. मग सुयोगच्या फिरत्या स्टुलाला पायाने एक ढोसणी दिली.

स्टूल गर्रकन फिरलं.

समोर आजी.

सुयोग बघत राहिला. चार दिवस तो हाच चेहरा घासत होता, आणि बघत मात्र आत्ता होता. त्याला फार लाज वाटली.

"कपाळावर तीन," तो हळूच म्हणाला. "हनुवटीवर तीन. गालावर एक... सात."

"सातच," आजी म्हणाल्या. "आठवा मांडत होती गोंदनारीन, तं मी रडून पयाली. माय जलमभर म्हने, एक रायलाच."

सुयोग पुन्हा कामाला लागला. दर ठिपक्याला स्टूल फिरवून आजींकडे बघायचा, मग स्क्रीनकडे. मास्तरांचा चहा गार झाला. प्रिंट निघाली तेव्हा त्याची मान दुखत होती.

आजींनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. सातावर थांबलं नाही.

"आठवा!"

दुसऱ्या गालावर एक दाणा चुकून राहिला होता.

"तो दाणा आहे, आजी. कॅमेऱ्याचा दोष. आणा, मिनिटभरात पुसून देतो."

आजींनी फोटो छातीशी धरला. "हे मीच होय. मायनं पाहिलं असतं तं..."

सुयोगने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर कपात बघत होते. त्याने आजींकडे पाहिलं. मग पुढे केलेला हात मागे घेतला आणि कॉम्प्युटर बंद केला.

"पाटीच्या रंगाऱ्याला बोलाव," मास्तर म्हणाले. "त्याचा एक ब्रश ठिपके सांडतो. तोच आण म्हणावं."