तीन तुकड्यांचा राजदंड

एका राज्यात सोन्याचा राजदंड होता, आणि त्याला मांत्रिक भस्मनाथाचा शाप होता: जो हा दंड हाती धरील, त्याला आपल्याविरुद्धचे गाऱ्हाणे गाऱ्हाणे म्हणून ऐकू येणार नाही. स्तुती मात्र लख्ख ऐकू येई. त्यामुळे सात पिढ्यांत एकाही राजाला आपण बहिरे आहोत याचा पत्ता नव्हता. सोमा कोष्ट्याने भर बाजारात तसे बोलून दाखवले, तर त्याला सुळाची शिक्षा झाली.

शिक्षेचा दिवस उजाडण्याआधी राजाच वारला. गादी आली राजकन्या सुवर्चलेकडे. तिने दंड कधी धरला नव्हता, त्यामुळे सोमाचे बोलणे तिला नीट ऐकू आले होते. वेशीपाशी सोमाची बायको येसू आक्रोश करीत होती, राजघराण्याला शिव्याशाप देत होती. दंड धरल्यावाचून हुकूम चालत नसे, म्हणून सोमाला सोडता येईना, आणि दंड धरला की हा आक्रोशच ऐकू येणार नाही! ती उठून सुळापाशी गेली.

सुळावर लंबकंठ नावाचे म्हातारे गिधाड बसले होते. ते माणसांसारखे बोले. खरे तर पुष्कळ माणसांपेक्षा बरे बोले.

"मी न्यायाने वागण्याची शपथ घेईन," सुवर्चला म्हणाली.

"राजकन्ये, मी रणांगणावर जेवलो आहे. तिथे प्रेतांइतक्याच शपथा पडलेल्या असतात."

तिने शपथ घेतली, दंड उचलला. येसूचा हंबरडा ऐकून म्हणाली, "किती गोड गाते ही!" गिधाडाने मनगटावर चोच मारली तेव्हा दंड सुटला, आणि ती शरमेने ढसाढसा रडली.

मग तिने दंड नदीत फेकला. राज्याला धनी उरला नाही हे कळायचा अवकाश, दांडगे लोक कोष्टीवाड्यात शिरले आणि माग मोडू लागले.

"दंड बुडाला, पण सोटे बुडाले नाहीत," गिधाड म्हणाले. "बळी तो कान पिळी."

नदीतल्या मगरीने दंड आणून दिला. तिलाही दंगा नको होता.

तिसऱ्या खेपेस सुवर्चलेने सोनाराकडून दंडाचे तीन तुकडे करविले. तिन्ही जुळतील तरच हुकूम खरा, असे ठरविले. एक तुकडा स्वतःकडे ठेवला, दुसरा न्यायाधीशाला दिला. तिसरा दिला येसूला, जिने तिला सर्वांत जास्त शाप दिले होते. आपण चांगल्याच राहू असा भरवसा तिने स्वतःचासुद्धा धरला नाही. मला तिचे कौतुक वाटते ते याचेच.

"येसूही बहिरी होईल," गिधाड म्हणाले.

"होईल. म्हणून तर तिघे."

मग तिने आपला तुकडा उचलला, आणि भ्यायली होती तसेच झाले. सोमाला सुळापाशी आणले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "शिक्षा होऊ द्या." न्यायाधीशाने मान खाली घालून तुकडा पुढे केला. येसूने मूठ उघडली नाही.

"हुकूम पुरा झाला नाही, राणीसाहेब," जल्लाद म्हणाला.

त्या गादीला आजवर कुणी अडविले नव्हते. आता विचारण्यावाचून गत्यंतर नव्हते.

"का, बाई?" राणीने विचारले. आणि विचारताक्षणी सात पिढ्यांचे कानांतले दडे सुटले.

"माझा नवरा खरं बोलला म्हणून!" येसू ओरडली, आणि ते राणीला अक्षरन् अक्षर ऐकू आले.

तिने सुटकेचा हुकूम दिला आणि तिन्ही तुकडे जुळले. सोमाच्या बेड्या गळून पडल्या.

"उद्या तिघे संगनमत करतील," गिधाड कुरकुरले.

"म्हणूनच तू इथे राहा आणि असेच बोलत जा," राणी म्हणाली. तिने राजवाड्याच्या शिखरावर त्याला सोन्याची दांडी बांधून दिली.

राणी नांदली, प्रजा नांदली, मोडलेले माग पुन्हा चालू झाले. लंबकंठ अजून शिखरावर बसून सुळाकडे डोळे लावून आहे, आणि अजून उपाशी आहे.